आधी विषाणू की आधी कर्करोग?

१/७ दोन गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा धडा पहिल्याच वर्षी मिळतो. यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण सिद्ध होताना वैद्यकालाही याच धड्याला सामोरे जावे लागले.

२/७ १९६५ साली बारूख ब्लमबर्ग यांनी एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात आढळलेल्या अपरिचित प्रथिनाची माहिती प्रसिद्ध केली. ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणाचा भाग आहे, हे पुढे उलगडले. १९७६ साली ब्लमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

३/७ दरम्यान आफ्रिका व पूर्व आशियात यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये हा विषाणू वारंवार सापडू लागला. पण शंका उरलीच : कर्करोगाने खंगलेल्या शरीरात तो नंतर शिरत असेल तर? आजाऱ्याचे रक्त तपासून घटनांचा क्रम कळत नाही.

४/७ म्हणून पामर बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमध्ये उलट वाट धरली. १९७५ पासून त्यांनी २२,७०७ पुरुषांचे रक्त तपासले, विषाणूचे वाहक कोण याची नोंद केली आणि मग वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला.

५/७ १९८१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३,४५४ वाहकांपैकी ४० जणांना यकृताचा कर्करोग झाला. उरलेल्या १९,२५३ जणांपैकी केवळ एकाला. वाहकांचा धोका २०० पटींहून अधिक होता. विषाणू आधी, कर्करोग नंतर, हा क्रम निश्चित झाला.

६/७ तैवानमध्ये अनेकांना ही लागण जन्मतःच, आईकडून होत असे. अर्भकाचे शरीर विषाणूला हुसकावू शकत नाही. यकृताचा दाह दशकानुदशके धुमसतो, पेशी मरतात, नव्या घडतात आणि त्या घडणीत चुका साचतात. पन्नाशीतल्या मृत्यूचे मूळ असे पाळण्यात असे.

७/७ जुलै १९८४ मध्ये तैवानने वाहक मातांच्या नवजात बाळांना लस देण्यास प्रारंभ केला. पुढे ती सर्वच बाळांना मिळू लागली. ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे ०.७० होते. १९९०-९४ पर्यंत ते ०.३६ वर उतरले. कारण दूर होताच परिणाम ओसरू लागला. याहून सबळ पुरावा कोणता? मात्र एक कारण सापडणे म्हणजे सारी कारणे सापडणे नव्हे. हिपॅटायटिस सी, मद्य आणि बुरशी लागलेल्या धान्य-शेंगदाण्यातील अफ्लाटॉक्सिन यांचे इतिहास स्वतंत्र आहेत.