काटा आणि दिवा : साक्षीदार किती?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने मला बाहेर गाठून विचारलं, "सर, गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यावर विश्वास किती ठेवावा? आणि तो पिवळा दिवा लागला की खरंच टाकी संपत आलेली असते का?" प्रश्न मेकॅनिकला विचारायचा, तो चुकून तत्त्वज्ञानाच्या मास्तराकडे आला. (हशा) पण घरी जाऊन विचार केला तेव्हा वाटलं, प्रश्न योग्य ठिकाणीच आला होता.

थोडं मागे जाऊ. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली आणि १९२७ पर्यंत बनत राहिली. तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. टाकी बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटखाली. पेट्रोल किती आहे बघायचं तर खाली उतरा, सीटची गादी उचला, झाकण काढा आणि खुणा केलेली पट्टी आत बुडवा. तिच्यात इंधनाचा पंपही नव्हता, पेट्रोल नुसतं उतारानं इंजिनात यायचं. त्यामुळे टाकी कमी असताना मोठा चढ आला की लोक गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढवायचे! गैरसोय होतीच, पण पट्टी ओली झाली ती पेट्रोलनेच. मध्ये कोणी दुभाषा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर हे प्रत्यक्ष प्रमाण.

दुसरा मार्ग रिझर्व्हच्या कॉकचा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोक्सवॅगन बीटलला १९६२ च्या मॉडेलपर्यंत काटा नव्हता. इंजिन आचके देऊ लागलं की पायाजवळची कळ फिरवायची, राखीव पेट्रोल सुरू. आपल्याकडे हे सांगायला नकोच. १९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेल्या चेतकवर ज्यांचे संसार झाले, त्यांना सीटखालचा तो कॉक अंधारातही सापडतो. यातली युक्ती फार साधी आहे. टाकीत दोन तोंडं, एक उंचावर, एक तळाशी. पेट्रोल वरच्या तोंडाखाली गेलं की गाडी बंद पडते, आणि ते बंद पडणं हीच सूचना. यात खोटं बोलायला जागाच नाही. चूक होते ती माणसाची. पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा 'ऑन'वर आणायला विसरलं की पुढच्या वेळी राखीव असं काही उरतच नाही. मी स्वतः एकदा स्कूटर आडवी करकरून शेवटचे थेंब कार्बोरेटरकडे पाठवत घर गाठलं आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे.

आता काटा. टाकीत एक तरंगता गोळा, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला विजेचा अवरोध कमीजास्त करणारी पट्टी. गोळा खाली जातो तसा अवरोध बदलतो, त्याप्रमाणे डॅशबोर्डवरचा काटा हलतो. म्हणजे आपण पेट्रोल पाहत नाही. गोळ्याच्या उंचीवरून पेट्रोलचं अनुमान करतो. धुरावरून अग्नी, तसं काट्यावरून पेट्रोल. आणि अनुमान म्हटलं की चुकायच्या वाटा आल्या. टाकी काठोकाठ भरण्याआधीच गोळा छताला टेकतो, म्हणून पहिले कित्येक किलोमीटर काटा 'फुल'वरून हलतच नाही आणि आपल्याला वाटतं, वा, काय ॲव्हरेज देते गाडी! टाक्या वेड्यावाकड्या आकाराच्या असतात, त्यामुळे उंची निम्मी म्हणजे पेट्रोल निम्मं असं नसतं. घाटात गाडी कलली की पेट्रोल एका बाजूला सरतं. काटा सारखा थरथरू नये म्हणून जुन्या गाड्यांत तो मुद्दाम मंद ठेवत. आत दोन धातूंची एक पट्टी तापून वाकायची, तिच्या सवडीने काटा सरकायचा. आणि 'ई'वर काटा टेकला तरी टाकीत थोडं पेट्रोल उरावं, अशी बांधणी बहुतेक उत्पादक जाणूनबुजून करतात. इथे काटा चुकत नाही, तो आपल्या काळजीपोटी थोडं खोटं बोलतो. घरातली वडीलधारी माणसं पाहुण्यांना गाडीची वेळ अर्धा तास अलीकडची सांगतात ना, तसं.

पण माझा खरा मुद्दा दिव्याचा आहे. पूर्वी बऱ्याच गाड्यांत दिव्यासाठी टाकीच्या तळाजवळ एक वेगळा थर्मिस्टर असे. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राही. पातळी खाली जाऊन उघडा पडला की तापे, त्याचा अवरोध उतरे आणि दिवा लागे. त्याचा गोळ्याशी संबंध नाही. दांडी अडकली, काटा अर्ध्यावरच अडला, तरी दिवा आपली साक्ष देणार. आताच्या कित्येक गाड्यांत मात्र काटा, दिवा आणि 'अजून इतके किलोमीटर' हा आकडा, तिन्ही त्या एकाच गोळ्यावरून संगणक ठरवतो. दिसायला साक्षीदार तीन, ऐकीव माहिती एकाचीच. विट्गेनश्टाइनने अशाच माणसाची गंमत केली आहे, बातमी खरी आहे ना हे बघायला त्याच वर्तमानपत्राच्या आणखी प्रती विकत घेणाऱ्याची.

आपल्याकडे हा वाद फार जुना. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. बाधक काही पुढे येईपर्यंत ते मानून चालावं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून सिद्ध व्हावं लागतं. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली, तेव्हा कळलं की ते पाणीच होतं. गाडी चालवताना आपण सगळे मीमांसक असतो, आणि एरवी त्यात वावगं काही नाही. रोज पट्टी बुडवत बसलं तर ऑफिसला कधी पोचणार?

पण ६ ऑगस्ट २००५ ला काय झालं ते बघा. ट्यूनइंटरचं एटीआर ७२ जातीचं विमान इटलीतल्या बारीहून ट्युनिशियातल्या जेर्बाला निघालं. आदल्या रात्री त्याचा इंधनदर्शक बदलला होता, आणि बसवला गेला तो एटीआर ४२ चा. दिसायला सारखा, त्याच खाचेत बसणारा. फक्त त्याचा हिशेब दुसऱ्या विमानाच्या टाक्यांचा. टाक्या कोरड्या झाल्या तरी तो हजार किलोहून अधिक इंधन दाखवत राहिला. दोन्ही इंजिनं बंद पडली. काटा सांगतोय इंधन आहे, म्हणून वैमानिक इंजिन पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत राहिले. विमान पालेर्मोजवळ समुद्रात उतरलं. ३९ जणांपैकी १६ गेले.

आणि कमी इंधनाचा इशारा? तो लागलाच नाही. तो त्याच दर्शकावर अवलंबून होता.

या प्रकरणातला एक तपशील मला फार टोचतो. काट्यावर इंधन एकाएकी वाढलेलं दिसतंय, तर भरल्याची पावती कुठे आहे, असं कॅप्टनने विचारलं होतं. पावती सापडत नाही म्हणाले, आणि त्याने विषय सोडला. पावती सापडणार कुठून? इंधन भरलंच नव्हतं. म्हणजे बाधक समोर आलं होतं. मीमांसकाच्या नियमानेही तिथे थांबायला हवं होतं. पालेर्मोच्या न्यायालयाने २००९ साली वैमानिकासह काही जणांना तुरुंगवास सुनावला. तो योग्य की अयोग्य यावर माझं मन अजून पक्कं नाही. चुकीचा दर्शक त्याने बसवला नव्हता, पण शंका त्यालाच आली होती. इटलीच्या तपास यंत्रणेने, कमी इंधनाचा इशारा मुख्य दर्शकापासून स्वतंत्र असावा, अशी शिफारस केली.

तेव्हा ज्यांनी प्रश्न विचारला त्यांना माझा उलट प्रश्न. तुमच्या गाडीचा दिवा वेगळा आहे की गोळ्याच्याच तोंडाने बोलतो? चांगल्या मेकॅनिकला विचारा. तोवर एक करा. टाकी फुल केली की ट्रिप मीटर शून्यावर आणा. तो चाकांची फिरती मोजतो, टाकीत काय चाललंय याची त्याला खबरही नसते. आणि दिवा लागल्यावर उगाच किलोमीटर मोजत राहू नका, कारण आताच्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. तो जळला तर त्याची पावती मात्र नक्की सापडते. (हशा)

हं, मागून कोणीतरी हात वर केलाय. विचारा.