बुढी, म्हातारी आणि सीनियर सिटिझन

परवा चांदूर बाजारला घरी गेलो होतो. शेजारचा पोरगा दारातूनच ओरडला, "बुढी हाये काय घरी?" मला रागच आला. इतकी वर्षं पुण्यात राहून कान नाजूक झालेत बहुतेक! आई मात्र हसली. "मंग काय म्हनन थो? पोरगी हावो काय मी?"

मी तिला म्हटलं, आता 'ज्येष्ठ नागरिक' म्हणायचं असतं. २००७ च्या कायद्याने साठी गाठलेल्या प्रत्येकाला तो किताब दिलाय. आपण तो इंग्रजी 'सीनियर सिटिझन'वरून घेतला.

नंतर या शब्दांचाच विचार करत बसलो. 'सीनियर' मूळचा लॅटिन. अर्थ इतकाच, वयाने अधिक. त्यातूनच पुढे 'सर' हे संबोधन आलं. म्हणजे तिकडे वयातून मान निघाला. आपल्याकडे उलटं झालं. 'म्हातारा' आला संस्कृत 'महत्तर'वरून, म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावच्या प्रमुख मंडळींना महत्तर म्हटलेलं आहे. पुढे त्यातला मान झिजत गेला आणि नुसतं वय उरलं.

पण तेराव्या शतकात तरी तो पुरता झिजला नव्हता. आमच्या जवळचं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं तीर्थ. गोविंदप्रभू तिथेच राहिले. त्यांच्या लग्नाचा खेळ मांडला तेव्हा महदाइसेने धवळे रचून गायले. मराठीची आद्य कवयित्री ती! म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामी तिला 'म्हातारी' म्हणतात, आणि तेही कौतुकाने. का, तर ती सारखी काही ना काही विचारत असायची.

इथे मी जरा थबकलो. आमची आईही सारखी विचारते. मोबाइलवरून पैसे कसे पाठवतात, तुझ्या ऑफिसात नेमकं काय काम चालतं, पुण्यात पाणी कुठून येतं. आणि मी काय म्हणतो? "तुला काय करायचंय आता या वयात?"

त्या पोराने तिला बुढी म्हटलं, पण हाक मारून विचारपूस तरी केली. मी तिला कधीच बुढी म्हटलं नाही, पण प्रत्येक वेळी म्हातारी ठरवून गप्प केलं.

रात्री जेवताना तिने विचारलं, "ते महत्तर काय सांगत होता रे तू?" मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिने आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला आलं नाही.