आगटीभोवतीची बैठक

माणसांनी एकत्र यावे असे सर्वांनाच वाटते. पण नुसते ‘या, बसू या’ म्हटल्याने माणसे येत नाहीत, आणि आली तरी अवघडून बसतात. आपल्या समाजाने ही अडचण फार पूर्वीच ओळखली असावी. त्याने भेटीला नेहमी एखादे काम जोडून दिले. हात गुंतले की जीभ मोकळी होते, एवढीच साधी समजूत त्यामागे आहे. परभणी जिल्ह्यातील पालमच्या परिसरात तिचा इतिहास चांगला पाहावयास मिळतो. म्हणून तेथूनच आरंभ करू.

पालम हे गंगाखेडहून लोह्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. जवळून गोदावरी वाहते. या भागातील जमीन काळी, भारी आणि ओल धरून ठेवणारी. पावसाळा सरता सरता तिच्यात रब्बीची ज्वारी पेरावी आणि पुढे जमिनीतल्या ओलीवर व थंडीवर ती वाढावी, हा येथला जुना क्रम. पौष-माघात कणीस भरते, पण दाणा अजून टणक झालेला नसतो. हिरवा, मऊ आणि गोड असतो. तो भाजला की हुरडा होतो. गुळभेंडीसारखे काही वाण तर खास हुरड्यासाठीच बांधाकडेला चार तासे पेरण्याची चाल होती.

हुरड्याची मांडामांड अगदी थोडी. शेतातच जमिनीत एक खड्डा करावयाचा, त्यात गोवऱ्या पेटवावयाच्या, हीच आगटी. धग बसली की कणसे राखेत खुपसावयाची आणि भाजलेले कणीस गरम असतानाच तळहातावर चोळावयाचे. फुंकर मारली की तूस उडते आणि हातात दाणे उरतात. सोबत गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, एखाद्या वेळी हरभऱ्याचा डहाळा. पंगत नाही, पाट-रांगोळी नाही, आग्रह नाही. कोणी आधी येतो, कोणी उशिरा. कोणी चोळतो, कोणी नुसता खातो. ज्याला बोलावयाचे नसेल त्याच्या गप्प राहण्याला हातातले कणीस हे पुरेसे कारण असते. घरच्या ओसरीवर ज्यांचे बोलणे अडते असे दोन भाऊ येथे बांधाच्या तंट्याविषयी सहज बोलू शकतात. कारण दोघांचीही नजर विस्तवाकडे असते. शिवाय या बैठकीला पिकानेच मुदत घालून दिलेली असते. दाणा टणक झाला की हुरडा संपला. त्यामुळे आज नाही तर उद्या, असे फार दिवस म्हणता येत नाही, आणि बैठकीचे ओझेही होत नाही.

पुरुषांची ही बैठक थंडीपुरती. बायकांची मात्र बारमाही, आणि ती जात्यावर. पालमच्या शेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि जनाबाईंबरोबर दळणाला विठ्ठल बसत असे, ही कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. कथेतली श्रद्धा क्षणभर बाजूला ठेवली, तरी तीत एक व्यवहार दिसतो : एकटीने दळणे जड जाते, समोर कोणी बसून खुंट्याला हात लावला की हलके होते. समोरासमोर बसलेल्या जावा-नणंदांनी माहेर, सासर, भाऊ आणि पंढरी यांविषयी जे गायिले, त्याचा साठा किती मोठा असेल याची कल्पना गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांच्या संग्रहामुळे आली. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एरवी तोंडातून न निघालेले दुःख दळण्याच्या निमित्ताने निघाले. पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले. ते वाचावयासच हवे होते. पण त्या कष्टांबरोबर समोर बसणारी सोबतीणही गेली, आणि तिच्या जागी काय आणावे याचा विचार कोणी केला नाही.

हुरडा काय, दळण काय, ही निमित्ते आपोआप मिळालेली. निमित्त मुद्दाम योजून, त्यात नवा विचार कसा घालता येतो, याचा धडा मात्र पुण्यात मिळतो. संक्रांतीचे हळदीकुंकू हे बायकांनी एकत्र येण्याचे सर्वमान्य निमित्त; परंतु तेथे कोणी कोणाकडे जावे आणि कोणी जाऊ नये, हे जातीने ठरविलेले. सावित्रीबाई फुले यांनी १८५२ च्या जानेवारीत तिळगुळाचा समारंभ योजला, तेव्हा सर्व जातींच्या स्त्रियांना एकाच जाजमावर बसवावयाचे आणि भेद न करता हळदीकुंकू द्यावयाचे, असे आधीच जाहीर केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. व्याख्यानाला त्या बायका आल्या असत्या की नाही, शंकाच आहे. तिळगुळाला मात्र येता येत होते. समारंभ ओळखीचा ठेवला आणि जाजम बदलले, यातच सावित्रीबाईंची दूरदृष्टी दिसते.

मराठवाड्याने हा धडा वेगळ्या कारणाने गिरविला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत पालमचा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परवानगीवाचून सभा घेण्यास बंदी करणारी ‘गश्ती निशाण ५३’ लोकांच्या चांगल्या स्मरणात राहिली. अशा राज्यात राजकीय सभेपेक्षा वाचनालय, गणेशोत्सव, भजन ही निमित्ते अधिक उपयोगी पडली. परभणीचे गणेश वाचनालय १९०१ चे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, आणि परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. असे अधिवेशन एका दिवसात उभे राहत नाही. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे माणसांना एकमेकांशेजारी बसण्याची सवय लागावी लागते.

मात्र हुरड्याचे कौतुक करताना जाजमाचा प्रश्न विसरून चालणार नाही. आगटी पेटवणारा, कणसे खुडून आणणारा आणि चोळून देणारा बहुधा सालगडी असे. खाणारे मालक व त्याचे पाहुणे. गावकुसाबाहेरच्या माणसाला त्या वर्तुळात बसावयास जागा नसे. बैठक मोकळी होती, ती आत बसलेल्यांपुरती. सावित्रीबाईंनी पुण्यात जे केले, ते शेताच्या बांधावर पुष्कळ ठिकाणी व्हावयाचे राहूनच गेले.

आता तर आगटीच दुर्मिळ होऊ लागली आहे. मराठवाड्यात ज्वारीची जागा सोयाबीन व कापसाने घेतली. ज्वारीला गोफण घेऊन पाखरे राखावी लागतात, काढणीला मजूर लागतात, आणि भाव बेताचाच. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. शहराजवळ तिकीट लावून हुरडा मिळतो; तेथे झोपाळा असतो, बैलगाडी असते. पण पैसे देऊन आलेला माणूस पाहुणा राहतो, त्याच्या हाताला काम नसते. आणि हाताला काम नसले की तो पुन्हा अवघडून बसतो.

म्हणून गावागावांत पुन्हा भेटीगाठी व्हाव्यात असे ज्यांना वाटते, त्यांनी मोठे समारंभ योजण्याच्या भरीस पडू नये. बांधाकडेला चार तासे ज्वारी पेरावी, वाचनालयात एखादी संध्याकाळ जुनी पुस्तके शिवण्यासाठी ठेवावी, भजनाला टाळ वाजविता न येणाऱ्यालाही बोलवावे. काम थोडे असावे, येणे-जाणे मोकळे असावे, आणि कणसे चोळणाऱ्याने चोळता चोळता खावेही. जाजम किती लांब अंथरावयाचे, ते मात्र बोलावण्याआधीच ठरवावे लागेल.