एकमेकांत फिरणारी पाती

आमच्या पातूरला मी लहान असताना हेलिकॉप्टर येणार म्हटले की शाळेत कोणी थांबत नसे. निवडणुकीचे दिवस असत. मैदानात चुन्याच्या फक्कीने मोठा गोल आखलेला असे. धुळीचा लोट उठवत ते यंत्र खाली टेकले की आम्ही धावत सुटायचो, आणि बंदोबस्ताचा पोलीस काठी उगारून ओरडायचा, "अरे पोट्टेहो, शेपटीकडं जाऊ नका!"

शेपटीतच एवढे भय का, हे मला फार उशिरा कळले.

डोक्यावरचा पंखा एका दिशेला फिरू लागला की हेलिकॉप्टरचे धड उलट दिशेला गरगरू पाहते. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो, तोच हा. धड स्थिर राहावे म्हणून शेपटीवर एक लहान उभा पंखा बसवतात. तो आडवा रेटा देतो. माणसाला दिसत नाही इतक्या वेगाने फिरतो, म्हणून घातक. आणि खर्चिकही, कारण हवेत एका जागी थांबताना इंजिनाच्या ताकदीचा साधारण दहावा हिस्सा तो खातो, पण वजन मात्र छटाकभरही उचलत नाही.

मग शेपटीचा पंखाच नको असेल तर? दोन मोठे पंखे घ्यायचे आणि उलटसुलट फिरवायचे. एकाचा पीळ दुसरा काढतो. हे पंखे पुढे-मागे बसवता येतात. एकावर एक बसवता येतात. आपल्या नौदलाची रशियन बनावटीची कामोव्ह हेलिकॉप्टरे तशीच आहेत. त्यातल्या कामोव्ह-31 जातीची तुकडी 2003 साली गोव्यात उभी राहिली. शेपटी आखूड, त्यामुळे जहाजावर जागा कमी लागते.

पण सर्वांत नवलाची रीत वेगळीच आहे. दोन पंखे शेजारी-शेजारी, अगदी जवळ, आणि त्यांचे दांडे बाहेरच्या बाजूंना कललेले. एकाचे पाते दुसऱ्याच्या डोक्यावरून जाते. बघणाऱ्याला वाटते, आता आदळणार! आदळत मात्र नाहीत. का? उन्हाळ्यात बसस्टँडवर रसवंतीपाशी उभे राहून पाहा. लाटांच्या टोकाशी दातेरी चाके असतात. एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसतो, दोन्ही चाके उलट फिरतात, पण दात्यावर दाता कधी चढत नाही. या हेलिकॉप्टरचे दोन्ही पंखे असेच एका दातेरी पेटीने जखडलेले असतात. एकाची पाती आडवी असतात तेव्हा दुसऱ्याची उभी.

ही रचना प्रथम उडवून दाखवली जर्मनीच्या अँटोन फ्लेटनर यांनी. त्यांचे 'फ्लेटनर 265' मे 1939 मध्ये उडाले. आणि ज्याची भीती तेच घडले! पहिला नमुना काही महिन्यांतच हवेत पात्यावर पाते आदळून पडला. पण काम थांबले नाही. पुढचे यंत्र 'कोलिब्री', म्हणजे गुंजन पक्षी, 1941 साली उडाले आणि युद्धनौकांवरून त्याच्या चाचण्या झाल्या. 1944 मध्ये एक हजार यंत्रांची मागणी नोंदवली गेली. दोस्तांच्या बॉम्बफेकीत कारखाना गेला आणि जेमतेम दोन डझन यंत्रे तयार झाली.

या कामामागचे गणित मांडणाऱ्यांत एक नाव होते कुर्ट होहेनएम्सर. हिटलर सत्तेवर आला त्या 1933 सालीच ज्यू वंशामुळे या तरुण शास्त्रज्ञाची गटिंगेन विद्यापीठातली जागा गेली. फ्लेटनर यांनी त्याला आपल्याकडे घेतले. ज्या राजवटीने त्याला विद्यापीठाबाहेर काढले, तिच्याच नौदलासाठी त्याच्या आकडेमोडीवर यंत्रे उडत होती. त्या वर्षांत तो रोज कामावर जाताना काय विचार करत असेल? मला या सगळ्या कथेत पात्यांपेक्षा हा माणूस जास्त आठवतो. युद्धानंतर फ्लेटनर आणि तो, दोघेही अमेरिकेला गेले.

अमेरिकेत ही रचना रुजवली चार्ल्स कमॅन यांनी. 1945 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी कंपनी काढली. गृहस्थ गिटारचे शौकीन. पुढे त्यांनी गिटारीही बनवल्या. 1951 मध्ये टर्बाइन इंजिनावर उडालेले जगातले पहिले हेलिकॉप्टर त्यांचेच, याच रचनेचे. त्यांच्या 'हस्की'ने व्हिएतनाम युद्धात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणले. विमानाला आग लागली की हस्की वर थांबे आणि पंख्यांच्या वाऱ्याने ज्वाळा मागे रेटून आत शिरणाऱ्यांना वाट करून देई. 1991 साली उडालेले 'के-मॅक्स' तर रिकाम्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त, म्हणजे सुमारे 2,700 किलो ओझे आकड्याला टांगून नेई. 2011 पासून अफगाणिस्तानात ते वैमानिकाविना रसद पोचवत होते.

इतके गुणी यंत्र, मग ते सगळीकडे का नाही? वेग कमी, पेटी गुंतागुंतीची आणि गिऱ्हाईक थोडे. लांबच्या प्रवासाला लोकांना वेग हवा असतो. जड ओझे जागच्या जागी उचलणारे यंत्र मोजक्यांनाच लागते. 2023 साली कंपनीने के-मॅक्सची निर्मिती थांबवत असल्याचे जाहीर केले.

आणि हो, शेपटीचा पंखा गेला म्हणून भय गेले असे नाही. पंखे बाहेर कललेले असल्याने त्यांची पाती दोन्ही बाजूंना जमिनीजवळ येतात. असे यंत्र पातूरच्या मैदानात उतरले असते, तर त्या पोलिसाला वेगळेच ओरडावे लागले असते : "पोट्टेहो, बाजूनं येऊ नका! समोरून या, वैमानिकाला दिसाल असे!"