लॅपटॉप तुमचा, पण सही कोणाची?

आजचा भाग जरा टेक्निकल वाटेल, पण गोष्ट इतिहासाची आहे. चिपळूणच्या बाजारपेठेतून नवा लॅपटॉप घेतला, चालू केला, की विंडोज हजर. त्याचे पैसे किमतीतच धरलेले. आता तिथे लिनक्स टाकायचं ठरवलं, तर अडतं कुठे? गेल्या तीसेक वर्षांत याचं उत्तर बदलत आलंय.

१९९१च्या ऑगस्टमध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या सिस्टिमची बातमी जगाला दिली. तेव्हा आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेटच नव्हतं. पुढे डायल-अप आलं, पण ५६ केबीपीएसच्या लाइनवर ६५० एमबीची एक सीडी उतरवायला, पूर्ण वेग मिळाला तरी, २६ तास लागणार. आणि मध्येच लाइन तुटली तर? म्हणून लिनक्स आपल्याकडे आलं ते सीडीवरून. पीसीक्वेस्टसारखी मासिकं अंकासोबत लिनक्सची सीडी द्यायची. पुढे उबंटूवाले तर २०११पर्यंत फुकट सीडी पोस्टाने घरपोच पाठवत होते. त्यामुळे छोट्या गावातल्या पोरांनाही लिनक्स हातात धरून बघता आलं.

दुसरी अडचण भाषेची. १९९१च्याच ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. पण नुसता कोड असून भागत नाही, जोडाक्षरं नीट दाखवणारा फॉन्ट लागतो. २००४मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट खुले केले. लोहित म्हणजे लाल, कंपनीच्या नावावरून घेतलेलं. इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांनी आणि कितीतरी स्वयंसेवकांनी मेन्यूमधला एकेक शब्द भाषांतरित केला. कोणत्या भाषेला गिऱ्हाईक किती, हे न बघता झालेलं काम आहे हे.

तिसरी अडचण सवयीची, आणि माझ्या मते सगळ्यात चिवट. महाराष्ट्रात ‘कॉम्प्युटर शिकलो’ म्हणजे एमएस-सीआयटी केलं, आणि तिथे हात बसायचा तो विंडोजवर. केरळने शाळांमध्ये लिनक्स आणलं, आपण नाही. मग गंमत अशी व्हायची की स्वस्त पडतो म्हणून लोक डॉसवाला किंवा उबंटूवाला लॅपटॉप घ्यायचे आणि लगेच त्यावर चोरीचं विंडोज टाकून घ्यायचे.

चौथी अडचण २०१२मध्ये विंडोज ८सोबत आली, सिक्युअर बूट. मशीन चालू होताना आधी सही तपासतं; ओळखीची नसेल तर आत घेत नाही. हेतू व्हायरस रोखायचा, पण बहुतेक मशीनमध्ये किल्ली मायक्रोसॉफ्टची. त्यावर लिनक्सवाल्यांनी ‘शिम’ नावाचा एक छोटासा प्रोग्रॅम काढला. त्यावर मायक्रोसॉफ्टकडून सही घ्यायची आणि मग शिमने लिनक्सला आत सोडायचं. म्हणजे आज तुमच्या नव्या लॅपटॉपवर उबंटू किंवा फेडोरा सुरू होतं, ते बहुधा मायक्रोसॉफ्टच्याच सहीने!

मी कामावर दिवसभर लिनक्सच वापरतो, त्यामुळे घरी आलो की विचारणा होतेच. माझं उत्तर ठरलेलं: पेनड्राइव्हवर लिनक्स घ्या, आधी ‘लाइव्ह’ चालवा, वायफाय आणि आवाज तपासा. विंडोज ठेवायचं असेल तर बॅकअप घ्या, बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा, मगच डिस्कमध्ये जागा करा. एकट्याने जमेना तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीत आहेत.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल. २२ जुलै २०२१चा वाशिष्ठीचा पूर आठवा. त्यानंतर नवं मशीन घेणं ही इथे हौस नव्हती, खर्चाचा डोंगर होता. त्याच ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं आणि बरीच चालती मशीनं त्याच्या नियमात बसेनात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्टही संपला. चांगलं चालणारं मशीन म्हातारं कधी झालं, हे दुसऱ्याने ठरवायचं की ज्याने पैसे मोजले त्याने?

लिनक्स टाका किंवा टाकू नका. पण टाकता येतं, हे माहीत असू द्या. तो दरवाजा कुणीतरी तीस वर्षं उघडा धरून ठेवलाय. भेटू पुढच्या भागात.