हन्ना ते आना : एका नावाचा प्रवास

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत 'आना' हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. कधी ते एकटे असते, कधी 'आना मारिया' असे जोडून येते. मराठी कानाला ते ऐकून आपला अण्णा आठवतो, पण त्या शब्दाशी ह्या नावाचे काही नाते नाही. आना पोर्तुगीजांबरोबर इथे आली. पोर्तुगीजांना ती लॅटिनकडून मिळाली, लॅटिनला ग्रीककडून आणि ग्रीकला हिब्रूकडून. हिब्रूत तिचे नाव हन्ना.

ह्यातला 'ह' घशातून, खरखरीत उच्चारायचा असतो. ग्रीक भाषेत तो नीट उतरला नाही आणि हन्नाची अन्ना झाली. इंग्रजांची ॲन आणि गोव्याची आना ह्या तिच्याच नाती. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर लोक बायबलमधली नावे मुलांना ठेवू लागले, तेव्हा 'हॅना' हे मूळच्या जवळचे रूपही तिथे रुळले.

नावाचा धातू ह-न-न. अर्थ कृपा करणे, प्रसन्न होणे. योहानान म्हणजे 'परमेश्वराने कृपा केली'. त्याचाच पोर्तुगीजात जुआंव झाला आणि इंग्रजीत जॉन. म्हणजे एखाद्या घरात भाऊ जुआंव आणि बहीण आना असेल, तर दोघांची नावे एकाच धातूची! हिब्रूची सख्खी बहीण असलेल्या फिनिशियन भाषेतही हा धातू आहे. रोमला घाम फोडणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्या नावाचा अर्थ 'बआल देवाची कृपा'.

आता हे नाव जिच्यामुळे मोठे झाले तिच्याकडे वळू. बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, एलकानाच्या दोन बायका आहेत. पनिन्नाला मुले आहेत, हन्नाला नाही. सवत टोचून बोलते. नवरा प्रेमळ आहे, पण 'दहा मुलांपेक्षा मी तुला अधिक नाही का?' असे विचारण्यापलीकडे त्याला काही सुचत नाही. वर्षाच्या यात्रेला सगळे शिलो येथे जातात, तिथे ती एकटीच देवापुढे रडते. ओठ हलतात, आवाज येत नाही. म्हातारा याजक एली समजतो की ही बाई प्यायलेली आहे! ती नम्रपणे, पण स्पष्ट सांगते की मी मद्य घेतलेले नाही, मी माझे मन देवापुढे ओतत होते. तेव्हा तो तिला आशीर्वाद देतो. पुढे तिला मुलगा होतो, तो शमुवेल.

ज्या प्रार्थनेला याजकाने नशा मानले, तीच पुढे प्रार्थनेचा आदर्श ठरली. ओठ हलावेत पण आवाज मोठा नसावा, हा नियम तालमूदच्या पंडितांनी हन्नावरूनच काढला. ज्यूंच्या नववर्षाच्या दिवशी, रोश हशानाला, तिची कथा वाचली जाते.

ख्रिस्ती परंपरेत मरियेच्या आईचे नाव अन्ना. चार शुभवर्तमानांत तिचा उल्लेख नाही. तो येतो दुसऱ्या शतकातल्या 'याकोबाचे आद्य शुभवर्तमान' ह्या ग्रंथात. तिथेही ती उतारवयापर्यंत निपुत्रिक आहे आणि देवाकडे मूल मागते. जुन्या हन्नाची छाया इथे सरळ दिसते.

ह्याच सांत आनाचे देऊळ, म्हणजे इगर्ज, तिसवाडीत तळावलीला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले. जुलैच्या अखेरीस तिथे तवशांचे फेस्त भरते. मूल नसलेली जोडपी तवसे वाहतात. पोर्तुगीजात तवशाला 'पेपीनो' आणि बाळाला 'मेनीनो', असे यमक त्यात जुळले आहे.

त्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईने घरीदारी काय काय ऐकलेले असेल, हे वेगळे सांगायला नको. म्हणून मूळ कथेतली एक बारीक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एलीशी बोलणे झाल्यावर हन्ना परत जाते, जेवते आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहत नाही. तेव्हा मूल झालेले नसते, पुढे होईल की नाही हेही तिला ठाऊक नसते. एवढेच झालेले असते की तिचे म्हणणे कोणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेतले. नावातली 'कृपा' मुलाच्या जन्माशी जोडायची आपल्याला सवय आहे. कथेत मात्र ती त्याआधीच आलेली आहे.