बाबांचं नेटबुक आणि हेलसिंकीतला ३८६

गेल्या दिवाळीत मी बाबांच्या लिखाणाचा काही भाग कायमचा पुसून टाकला. पोटापाण्यासाठी मी सॉफ्टवेअर लिहितो, इंजिनिअरिंगची पदवी आहे, सात वर्षं रोज लिनक्सवर काम करतो. तरीही. किंवा कदाचित म्हणूनच.

झालं असं. बाबा माण तालुक्यात पंचायत समितीत कारकून होते. निवृत्त झाल्यापासून ते गावाच्या आठवणी लिहितात. त्यासाठी त्यांचं साधन म्हणजे २००९ साली घेतलेलं एक छोटं नेटबुक. दहा इंची स्क्रीन, एक जीबी रॅम, आत इंटेल ॲटम एन२७० नावाचा प्रोसेसर. पावसाळ्यात त्याची हार्ड डिस्क कटकट आवाज करत गेली. नशीब म्हणजे बाबांनी सगळ्या फायली चार जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर ठेवल्या होत्या. मी सुट्टीत जाताना पुण्याहून एक साधी एसएसडी घेतली. चार स्क्रू काढून ती बसवली आणि बाबांना म्हटलं, "उद्या सकाळपर्यंत तुमचं मशीन नवं करून देतो."

लिनक्स का, असं कुणी विचारलं नाही, पण सांगतो. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज १० चाही आमच्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनला लिनक्स हा आमच्या धंद्यातला ठरलेला सल्ला आहे, आजीच्या बटव्यातल्या काढ्यासारखा. तो किती खरा आहे हे मी कधी तपासलंच नव्हतं.

डेबियन १३ ऑगस्टमध्येच आलं होतं. ते उतरवलं, माझ्या चार जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहिलं, नेटबुकला लावलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, इथे आय६८६ सापडला. म्हणजे मशीन बत्तीस बिटचं आणि मी घेतलेली प्रत चौसष्ट बिटची.

त्या प्रतीच्या नावात 'एएमडी६४' असतं. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच नाव, कारण ही चौसष्ट बिटची रचना एएमडीने केली. इंटेल तेव्हा जुन्याशी फारकत घेऊन इटॅनियम नावाची वेगळीच चूल मांडत होतं. २००३ मध्ये एएमडीचा ऑप्टेरॉन बाजारात आला, जुने प्रोग्रॅमही चालवू लागला आणि शेवटी इंटेललाही तीच रचना घ्यावी लागली. तरी पाच वर्षांनी, २००८ मध्ये, नेटबुकसाठी आलेला एन२७० मात्र बत्तीस बिटचाच राहिला. स्वस्त आणि कमी वीज खाणारा म्हणून तो लाखो घरांत गेला. आमच्याही.

मग डेबियन १३ ची बत्तीस बिटची प्रत शोधली, तर ती नाहीच. या आवृत्तीपासून डेबियनने बत्तीस बिटच्या पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणं बंद केलं. रात्रीचे बारा वाजले होते, बाहेर पोरं फटाके उडवत होती आणि मला राग आला. मग आठवलं, दोनच महिन्यांपूर्वी ऑफिसात मीही आमच्या ॲपमधून जुन्या अँड्रॉइडचा आधार काढला होता. दोन ओळींचा बदल. ते फोन कुणाच्या हातात आहेत, हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणी काढला नाही. मीही नाही.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण लिनक्सची सुरुवातच एका अशा मशीनवर झाली जे आज कुणी भंगारातही घेणार नाही. जानेवारी १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्सने हप्त्यांवर एक ३८६ पीसी घेतला. रॅम चार एमबी. बाबांच्या नेटबुकची रॅम याच्या अडीचशेपट. त्यावर तो अँड्र्यू टॅनेनबाम यांची मिनिक्स ही शिकवण्यासाठी बनवलेली प्रणाली चालवत असे. घरून विद्यापीठाच्या संगणकाशी बोलता यावं म्हणून त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला, तो वाढत गेला आणि २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने जगाला कळवलं की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, फार मोठं काही नाही.

पुढचं मला फार आवडतं. एकदा मॉडेमवरून फोन लावायचा होता. लिनसने मॉडेमऐवजी चुकून हार्ड डिस्कला फोन लावला. डायल करायच्या आज्ञा सरळ डिस्कवर लिहिल्या गेल्या आणि त्याचं मिनिक्सचं पार्टिशन मेलं. मिनिक्स पुन्हा टाकायचं की आपल्या अर्ध्याकच्च्या लिनक्सवरच राहायचं? त्याने दुसरा रस्ता घेतला.

त्या वर्षाच्या शेवटी जर्मनीतल्या कुणीतरी त्याला कळवलं की माझ्याकडे दोनच एमबी रॅम आहे, त्यात कर्नल कंपाइल होत नाही. नाताळच्या सुट्टीत बसून लिनसने रॅममधली पानं डिस्कवर सरकवायची सोय लिहिली आणि जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आवृत्तीत ती आली. मिनिक्समध्ये ही सोय नव्हती. लोक लिनक्सकडे वळायला लागले त्याचं हे एक कारण. एका अनोळखी माणसाचं मशीन आपल्यापेक्षा गरीब आहे म्हणून सुट्टी खर्च करणं, ही गोष्ट कॉलेजात कुणी शिकवत नाही. आम्हाला प्रोसेस शेड्यूलिंगची आकृती पंधरा मार्कांना होती.

आता त्याची दुसरी बाजू. २०१३ च्या सुरुवातीला आलेल्या ३.८ या कर्नलमधून खुद्द ३८६ चा आधार काढला गेला. त्या प्रोसेसरमध्ये नंतर रूढ झालेल्या काही सूचनाच नाहीत, त्यामुळे गाभ्यातल्या प्रत्येक मोठ्या बदलाला त्याची वेगळी पळवाट सांभाळावी लागे. लिनसने स्वतः तो बदल आनंदाने स्वीकारला. ज्या मशीनवर लिनक्स जन्मलं त्यावर नवं लिनक्स चालेनासं झालं. हे वाचून आधी मला वाईट वाटायचं, आता तसं वाटत नाही. डेबियनचं काम स्वयंसेवक करतात. ज्याची चाचणी घ्यायला कुणाकडे मशीन नाही, वेळ नाही, त्याला 'आधार आहे' म्हणत राहणं ही फसवणूक आहे. शिवाय त्यांनी मागची आवृत्ती, डेबियन १२, पळवून नेलेली नाही. तिचा बत्तीस बिटचा इन्स्टॉलर तिथेच आहे आणि तिला जून २०२८ पर्यंत सुरक्षेची डागडुजी मिळणार आहे.

तर मी डेबियन १२ उतरवायला लावलं आणि तेवढ्या वेळात बाबांच्या फायली माझ्या लॅपटॉपवर घ्याव्यात म्हणून त्यांचा पेन ड्राइव्ह लावला. तेवढ्यात डाउनलोड संपलं. मी माझाही पेन ड्राइव्ह लावला, टर्मिनलमध्ये अप ॲरो दाबून मघाचीच 'डीडी'ची आज्ञा आणली, फाइलचं नाव बदललं, एंटर. मघाशी 'एसडीए' म्हणजे माझा पेन ड्राइव्ह होता. आता आधी बाबांचा लागला होता, त्यामुळे 'एसडीए' तो झाला होता. दोन्ही चार जीबीचे. डीडी काही विचारत नाही. सांगितलेल्या जागी सांगितलेले बाइट लिहितं आणि गप्प बसतं.

माझ्याच पेन ड्राइव्हवरचा दिवा लुकलुकत नाहीये हे लक्षात आलं तेव्हा सगळं लिहून झालं होतं.

पेन ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे याचं कोष्टक सुरुवातीलाच असतं. ते गेलं. त्यानंतरचे सातशेएक एमबी गेले. मी पुढे काहीही लिहू दिलं नाही, ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीवर फोटोरेक चालवलं. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रॅमरचं हे मोफत साधन कोष्टकाकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक बाइटांनी होते, ती खूण शोधत सगळी डिस्क चाळतं. जुन्या वर्ड फाइलची खूण सोळाच्या अंकलेखनात 'डी०सीएफ११ई०' अशी आहे. नीट पाहिलं तर तो 'डॉकफाइल' या शब्दाचाच खेळ आहे. पहाटे चार वाजता मला तो विनोदी वाटला नाही.

सकाळी बाबांना सांगितलं. ते चहा पीत होते. "म्हणजे गेलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काही सापडलंय. पण नावं नाहीत."

ते आतून वही घेऊन आले. तीत प्रकरणांची यादी होती, सेहेचाळीस. मी फायली उघडल्या तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. बाबांनी सगळं कृती देव फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये फाइलच्या आत मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात, त्यावर फॉन्ट मराठीचा मुखवटा चढवतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, इथे फॉन्ट नाही तर अक्षर नाही.

मी रूपांतराचा प्रोग्रॅम शोधायला लागलो, तेवढ्यात बाबा चष्मा वर करून म्हणाले, "थांब. हे सुकडी आहे."

पडद्यावर एल, क्यू, डी, कॅपिटल एम, एच असं होतं. कृती देवची मांडणी रेमिंग्टन टाइपरायटरची. बाबा दहिवडीत टायपिंग शिकलेले, मराठी तीसची परीक्षा दिलेले. एल म्हणजे स, क्यू म्हणजे उकार, डी म्हणजे क. ते डोळ्यांनी वाचत नव्हते. मांडीवर बोटं हलवत होते आणि बोटांना शब्द लागत होता. दुपारपर्यंत त्यांनी तशाच खिचडीतून तेहेतीस प्रकरणं ओळखली, वहीत बरोबरच्या खुणा केल्या. चार अर्धवट मिळाली. नऊ गेली.

पेन ड्राइव्हच्या सुरुवातीला बहुधा सर्वांत आधी ठेवलेल्या फायली असतात. त्या बाबांनी सर्वांत आधी लिहिलेल्या, म्हणजे १९७२ च्या दुष्काळाच्या. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि पोरांना तिथे सुकडी मिळायची. हे सगळं त्यांनी आजीला विचारून विचारून लिहिलं होतं. आजी जाऊन तीन वर्षं झाली.

इन्स्टॉलेशन मग दीड तासात झालं. वायफाय लगेच लागलं, त्यामागेही एक गोष्ट आहे. वायफाय चिपला लागणारं फर्मवेअर मुक्त नसतं म्हणून डेबियन वर्षानुवर्षं ते मुख्य इन्स्टॉलरमध्ये घालत नसे आणि नवखे लोक तिथेच अडकत. २०२२ मध्ये त्यांच्या विकासकांनी मतदान करून ते घालायचं ठरवलं. १२ ही तशी पहिली आवृत्ती. वर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप टाकला. झीरॅमही सुरू केलं. रॅम भरली की ते पानं डिस्कवर न पाठवता रॅममध्येच दाबून ठेवतं. मूळ काम नितीन गुप्ता यांचं, २०१४ पासून कर्नलच्या मुख्य भागात आहे. लिनसच्या त्या नाताळच्या कामाचाच हा पुढचा नातू म्हणा. सुरू झाल्यावर मशीन अडीचशे एमबी वापरतं. लिब्रेऑफिस उघडायला अर्धं मिनिट घेतं. ब्राउझरचं नाव काढू नका.

मराठीसाठी आयबसमध्ये रेमिंग्टन मांडणी लावली. आता बोटं तीच, पण आत जातं ते युनिकोड. जुन्या फायली पायथनने बदलल्या. ऱ्हस्व इकार तिथे अक्षराच्या आधी असतो आणि रफार नंतर, त्यांची उलटापालट करताना दोन दिवस गेले. अजूनही कुठे 'कार्यालय'चा रफार भलत्याच डोक्यावर बसलेला सापडतो. मग बाबा फोन करतात. रोज रात्री नऊला सगळ्याची प्रत दोन ठिकाणी जाते, त्या आज्ञेत डिस्कचं नाव अक्षराने नाही, तिच्या ओळख क्रमांकाने लिहिलंय.

नऊपैकी तीन प्रकरणं बाबांनी पुन्हा लिहिली आहेत. गेल्या रविवारी ते खडीच्या कामाशी अडले होते. आजीने कुठला रस्ता सांगितला होता ते आठवेना, म्हणून त्यांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, रस्ता कसला, ते पाझर तलावाचं काम होतं. मी स्वतः टोपली वाहिलीय. बाबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि रस्त्याच्या ओळीखाली तलावाची ओळ टाइप केली. आता फायलीत दोन्ही आहे.